पादचारी पूल, स्कायवॉक आणि रस्त्यावरचे जिने सुरक्षित कसे करायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिना म्हणजे चार पायऱ्या, त्यावर एवढं बोलण्यासारखं काय आहे?

मुंबईत रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला विचारा. घरातून निघून ऑफिसला पोचेपर्यंत तो रस्त्यावर जेवढा चालतो त्यातला बराच भाग जिनेच असतात, स्टेशनचा पूल चढायचा, उतरायचा, मग स्कायवॉक, मग हायवेवरचा पूल. पण रस्त्याला खड्डा पडला की बातमी होते आणि जिन्याची पायरी तुटली की कोणी बघत पण नाही. जिना हा रस्ताच आहे, फक्त उभा. त्याचं डिझाइन, डागडुजी, लाइट, पाण्याचा निचरा हे सगळं रस्त्याइतकंच गांभीर्याने व्हायला हवं, या पानावर जे काही लिहिलंय ते सगळं याच एका मुद्द्यासाठी.

एल्फिन्स्टनच्या दुर्घटनेनंतर काही बदललं का?

हो, काही गोष्टी बदलल्या. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, एल्फिन्स्टन रोड म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. जोराचा पाऊस होता म्हणून लोक जिन्यावरच आडोशाला थांबले होते आणि मागून गाड्यांमधून उतरलेली माणसं येतच राहिली, एवढ्या गर्दीसाठी तो जिना कधी बांधलेलाच नव्हता. त्यानंतर रेल्वेने पादचारी पूल ही नुसती प्रवासी सुविधा न धरता अत्यावश्यक गोष्ट धरायचं ठरवलं, हा बदल मोठा होता कारण सुविधा म्हटलं की पैसे शिल्लक राहिले तर बघू असं होतं. लष्कराने बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. मग मार्च २०१९ मध्ये सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल पडला, आणि त्याच्या जागी नवा पूल यायला २०२३ साल उजाडलं.

पण या दोन्हीनंतर चर्चा झाली ती पुलांच्या मजबुतीची आणि रुंदीची. रोज पाय मुरगळणारे, घसरणारे, गुडघे धरून मध्येच थांबणारे, व्हीलचेअरमुळे घरीच बसणारे, यांचा हिशोब कुठेच लागला नाही.

पायरी नेमकी किती उंच आणि किती रुंद हवी?

भारतात सार्वजनिक जिन्यासाठी साधारण नियम असा की पायरीची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको आणि पाय ठेवायची जागा ३०० मिमीपेक्षा कमी नको. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांसकट सगळ्यांना वापरता येईल अशा बांधकामाच्या, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये पण हेच आहे. एक जुना हिशोब पण आहे, सतराव्या शतकातल्या ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाचा: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, ही बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी यायला हवी, म्हणजे ६०० ते ६४० मिमीच्या आसपास. १५० चे दुप्पट ३००, त्यात ३०० मिळवले की बरोबर ६००. जुन्या पुलांवर कमी जागेत जिना बसवायचा म्हणून १८०-१९० ची पायरी आणि टाच टेकली की चवडा बाहेर येईल एवढीच जागा, असं बऱ्याच ठिकाणी सापडतं. चढताना दम लागतो हे सगळ्यांना कळतं, पण खरा धोका उतरताना असतो कारण चवड्याखाली काही नसतं.

मग उंची कमी केली की झालं?

नाही, आणि हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. पायरी थोडी उंच असली तर माणूस दमतो, पण पायऱ्या *सारख्या नसल्या* तर माणूस पडतो. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो, त्यानंतर आपण खाली बघतच नाही, पाय त्याच मापाने आपोआप पडत राहतो. चढताना बोटं पायरीच्या कडेच्या अगदी थोडीच वरून जातात. त्यात मध्येच एक पायरी २० मिमीने उंच आली की बोटं कडेला अडकतात, आणि उतरताना एक पायरी खोल निघाली की टाच हवेत राहते. अमेरिकेच्या बिल्डिंग कोडमध्ये एका सलग जिन्यातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान पायरीत साडेनऊ मिमीच्या आसपासच फरक चालतो, यावरून लक्षात येईल की किती बारीक गोष्ट आहे ही.

आणि आपल्याकडे हा फरक कसा तयार होतो ते बघा. जिना बांधला तेव्हा सगळ्या पायऱ्या सारख्या असतात. मग खालचा फूटपाथ नव्याने होतो, जुने ब्लॉक न काढता वर नवे बसतात किंवा रस्त्याचं डांबर चढतं, आणि पहिली पायरी अर्धी जमिनीत जाते. वर लँडिंगवर, म्हणजे पायऱ्या संपल्यावरच्या सपाट जागेवर, गळती होते म्हणून वॉटरप्रूफिंगचा थर आणि त्यावर लादी, त्यामुळे सगळ्यात वरची पायरी उंच होते. मधल्या दोन पायऱ्या तुटल्या म्हणून तेवढ्याच दोन पायऱ्यांवर सिमेंट थापतात. प्रत्येक काम वेगळ्या वर्षी, वेगळ्या कॉन्ट्रॅक्टरने, आणि प्रत्येकाने आपलं काम नीटच केलेलं असतं, पण जिना बिघडतो. म्हणून टेंडरमध्येच लिहायला हवं की एका पायरीला हात लावला तर त्या सलग जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांची मापं पुन्हा घ्यायची आणि ती सारखी आल्याशिवाय बिल पास करायचं नाही.

लोक मोबाइल बघत चालतात म्हणून पडतात, त्याला डिझाइन काय करणार?

हा प्रश्न खूप येतो. मोबाइल बघू नये हे बरोबरच आहे, पण सत्तरीतल्या आजी एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात नातवाचा हात धरून उतरतात आणि पडतात तेव्हा मोबाइल कुठे असतो? माणूस थकलेला असणार, गाडी पकडायच्या घाईत असणार, चष्म्यावर पाणी असणार, मागून धक्का लागणार, हे सगळं गृहीत धरूनच जिना बांधायचा असतो. एकाच पायरीवर वेगवेगळी माणसं पडत असतील तर चूक पायरीची आहे.

रेलिंग तर सगळीकडे असतं ना?

असतं, पण धरता येतं का ते बघा. पडू नये म्हणून लावलेला कठडा वेगळा आणि हाताने धरायचा दांडा वेगळा. जाड चौकोनी पाइप किंवा रुंद सिमेंटचा कठडा मुठीत मावत नाही, तोल गेला तर हात नुसता त्यावरून घसरतो. मुठीत मावणारा गोल पाइप हवा, ३८ ते ४५ मिमी जाडीचा, भिंतीपासून निदान ५० मिमी सुटा म्हणजे बोटं घासत नाहीत. दोन उंचीवर हवा, एक ९०० मिमीच्या आसपास आणि दुसरा त्याच्या खाली, मुलांसाठी आणि बुटक्या माणसांसाठी. आणि दोन्ही बाजूंना हवा, कारण पक्षाघात झालेल्या माणसाचा एकच हात चालतो आणि चढताना जी बाजू उजवी ती उतरताना डावी होते.

अजून एक गोष्ट. दांडा पहिल्या पायरीच्या अलीकडे सुरू व्हायला हवा आणि शेवटच्या पायरीच्या पुढे ३०० मिमी जायला हवा. आमच्या भागातल्या एका पुलावर तो शेवटच्या दोन पायऱ्या बाकी असतानाच संपतो, कारण खाली फेरफटका मारणाऱ्यांना लागू नये म्हणून कोणीतरी कापलाय. संध्याकाळी तिथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं, वयस्कर माणसं दांड्याच्या टोकापर्यंत येतात, थांबतात, अंग तिरकं करतात, एक हात मागे दांड्यालाच ठेवून एक पाय खाली सोडतात, मग दुसरा, आणि मग दांडा सोडतात. मागची सगळी रांग त्यांच्यासाठी थांबते. दोन फूट पाइप आणि एका वेल्डरचं तासाभराचं काम आहे ते.

नवीन जिन्याला छान गुळगुळीत ग्रॅनाइट लावलंय, ते चांगलं की वाईट?

बाहेरच्या जिन्याला पॉलिश केलेलं ग्रॅनाइट लावूच नये. उद्घाटनाच्या फोटोत चमकतं खरं, पण जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि त्यावर चपलांचा चिखल आला की त्यावर उभं राहवत नाही. ग्रॅनाइटच हवं असेल तर फ्लेम फिनिशचं, म्हणजे खरखरीत केलेलं घ्यावं, नाहीतर टाकी मारलेला दगड किंवा साधं ब्रश मारलेलं काँक्रीट पण उत्तम चालतं. कडेला नुसत्या दोन खाचा मारून भागत नाही, वर्षभरात त्यात धूळ बसून त्या सपाट होतात. लोखंडी पुलांवर चेकर्ड प्लेट असते, तिचे उंचवटे झिजले की ती ओली असताना भयंकर घसरते, तिच्यावर अँटी-स्किड कोटिंग वेळोवेळी करावंच लागतं.

आणि पाणी. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला किंचित उतार हवा, अगदी डोळ्यांना कळणार नाही इतका, आणि लँडिंगवरचं पाणी बाजूच्या पन्हळीतून पाइपात जायला हवं. बऱ्याच पुलांवर छप्पर आहे पण छपराचं पाणी नेमकं जिन्याच्या पहिल्या पायरीवर पडतं. मग त्या पायरीवर शेवाळ येतं आणि लोक ती पायरी सोडून उडी मारतात.

पायरीच्या कडेला पिवळा पट्टा कशाला, शोभेला?

उतरताना वरून बघितलं तर एकाच रंगाच्या पायऱ्या सलग उतारासारख्या दिसतात, कड कुठे आहे ते कळत नाही. मोतीबिंदू असलेल्या माणसाला तर अजिबातच नाही. म्हणून प्रत्येक पायरीच्या कडेला ५० मिमीचा वेगळ्या रंगाचा पट्टा हवा, पूर्ण रुंदीभर. रंग मारला तर तो काही महिन्यांत जातो, म्हणून खाचेत बसवलेली खरखरीत पट्टी चांगली. आणि जिना सुरू व्हायच्या ३०० मिमी आधी, वर आणि खाली दोन्हीकडे, ठिपक्यांच्या पिवळ्या टाइल्स, म्हणजे पांढरी काठी वापरणाऱ्याला पुढे पायऱ्या आहेत हे कळतं. या टाइल्सचा अर्थ ‘सावध’ असा आहे, त्यामुळे फूटपाथ सुंदर दिसावा म्हणून त्या कुठेही लावून ठेवल्या की ज्याच्यासाठी आहेत त्याचीच फसगत होते.

जिन्याच्या खालची मोकळी जागा पण बंद करा. दृष्टिहीन माणूस फूटपाथवरून चालत येतो, काठी जमिनीवर फिरते, तिला काही लागत नाही आणि जिन्याची तिरपी खालची बाजू थेट कपाळाला लागते.

जिन्याऐवजी सगळीकडे रॅम्पच का करत नाहीत?

हिशोब करून बघू. शहरातल्या रस्त्यावर पुलाखाली साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते, त्यात पुलाची जाडी धरली की साधारण सहा मीटर चढायचं. १५० मिमीच्या पायरीने त्याच्या ४० पायऱ्या होतात. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा जास्त तीव्र चालत नाही, म्हणजे सहा मीटरसाठी ७२ मीटर रॅम्प, वर मध्ये मध्ये थांबायची सपाट जागा, म्हणजे ८०-८५ मीटर. तेवढंच दुसऱ्या बाजूला उतरायचं. व्हीलचेअर हाताने ढकलणाऱ्या माणसाने वीस-पंचवीस मीटरचा रस्ता ओलांडायला दीडशे मीटरपेक्षा जास्त चढ-उतार करायचा. जागा असेल तिथे रॅम्प जरूर करा, सामानाच्या गाड्या, बाबागाड्या, सायकली सगळ्यांनाच उपयोग होतो, पण एवढ्या उंचीला लिफ्टला पर्याय नाही.

लिफ्ट आणि सरकते जिने बसवलेत की, पण बंद असतात…

म्हणूनच लिफ्ट आहे म्हणून जिना कसाही चालेल असं म्हणता येत नाही, आणि जिना चांगला आहे म्हणून लिफ्ट नको असंही नाही. लिफ्टच्या टेंडरमध्ये बसवण्याबरोबर पाच-दहा वर्षांची देखभाल, लिफ्ट बंद राहिली तर दर दिवसाचा दंड, आणि बाहेर ठळक अक्षरात फोन नंबर हे हवंच. लिफ्ट पुलाच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्यामागे नको, जिन्याच्या शेजारी दिसेल अशी हवी, बायकांना रात्री तिथे जायला भीती वाटता कामा नये.

सरकता जिना गर्दी पटकन उपसतो पण व्हीलचेअरला त्याचा काही उपयोग नाही, आणि तो एका वेळी एकाच दिशेने चालतो. हाँगकाँगमध्ये १९९३ पासून डोंगराच्या चढावर सुमारे ८०० मीटर लांबीची सरकत्या जिन्यांची मालिका आहे, ती सकाळी उताराच्या दिशेने चालते आणि नंतर दिवसभर चढाच्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सरकता जिना फक्त वर नेतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला विचाराल तर तो सांगेल की त्याला त्रास उतरताना जास्त होतो.

पायऱ्यांमध्येच तिरपा रॅम्प गुंफलेले जिने फोटोत बघितलेत, तसे का नाही करत?

व्हँकुव्हरच्या रॉब्सन स्क्वेअरचे असणार ते, आर्थर एरिक्सन यांनी केलेले. दिसायला फारच सुंदर आहेत, आणि कल्पना पण मनापासूनची, की सगळ्यांनी एकाच वाटेने जावं. पण वापरायला अवघड आहेत. रॅम्पला दांडा नाही, पायऱ्यांच्या कडा तिरप्या कापल्या जातात, सगळं एकाच रंगाचं असल्यामुळे कमी दिसणाऱ्याला पायरी कुठे संपली आणि रॅम्प कुठे लागला कळत नाही, आणि व्हीलचेअरच्या वाटेत चढणारे-उतरणारे लोक आडवे येत राहतात. आपल्या गर्दीत तर नकोच. जिना आणि रॅम्प शेजारी शेजारी, एकाच ठिकाणी सुरू होणारे आणि एकाच ठिकाणी संपणारे, असं करावं.

जिना किती रुंद हवा हे कसं ठरवतात?

ब्रिटनमध्ये स्टेडियमसाठी ग्रीन गाइड म्हणून नियमावली आहे, तिच्यात एक मीटर रुंद जिन्यावरून मिनिटाला ६६ माणसं सुरक्षित जाऊ शकतात असं धरतात. आता समजा एका लोकलमधून ६०० माणसं उतरून एकाच जिन्याकडे आली आणि जिना दोन मीटरचा आहे. मिनिटाला १३२, म्हणजे सगळे वर जायला साडेचार मिनिटं, आणि गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांनी पुढची गाडी येते. शिवाय समोरून उतरणारे आहेतच. म्हणजे आधीचे लोक संपायच्या आत पुढचे येणार आणि प्लॅटफॉर्मवर गर्दी साचत जाणार. हा हिशोब कोणालाही वहीत करता येतो, त्याला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही.

रुंद जिन्याला मध्ये पण दांडा हवा, म्हणजे मधल्या माणसाला धरायला काही मिळतं आणि चढणारे-उतरणारे आपोआप वेगळे होतात. एका सलग टप्प्यात १२ पायऱ्यांपेक्षा जास्त नकोत, मग लँडिंग. लँडिंग जिन्यापेक्षा अरुंद कधीच नसावं.

फेरीवाल्यांना हटवलं की प्रश्न सुटेल ना?

जिन्यावर आणि लँडिंगवर कोणीच बसू नये, यात दुमत नाही. पण फेरीवाला तिथे बसतो कारण माणसं तिथून जातात आणि त्यातलीच माणसं त्याच्याकडून घेतात. जिन्याच्या पायथ्याशी, वाटेच्या बाहेर, ओटे आखून जागा दिली तर तो वर बसणार नाही, आणि रात्री उशिरापर्यंत तिथे लाइट आणि माणसांची जाग राहते, एकट्या बाईला तो जिना सुरक्षित वाटतो ते त्यामुळेच. नुसती पालिकेची गाडी फिरवून उचलाउचल केली की दुसऱ्या दिवशी सगळे परत.

पर्वती, पणजीचं चर्च, असे जुने जिने पण तोडायचे का?

अजिबात नाही! जुन्या दगडी जिन्यांना हात लावताना खूप जपायला हवं. पर्वतीला पहाटे व्यायामाला जाणारे, देवाला जाणारे, शाळेची सहल, सगळे एकाच वाटेने चढतात, त्या दगडांवर लादी चढवणं म्हणजे जिना पण गेला आणि इतिहास पण गेला. पण बाजूने सुटा उभा दांडा, बसायला कट्टे, दगड झिजून गुळगुळीत झालाय तिथे टाकी मारून घेणं, खालून वर येणारा लाइट, एवढं मूळ बांधकामाला धक्का न लावता करता येतं.

लांब-रुंद पायऱ्यांच्या चढावर एक गंमत लक्षात ठेवा, एका पायरीवर दोन पावलं टाकावी लागत असतील तर प्रत्येक वेळी तोच पाय वर उचलावा लागतो आणि एकाच गुडघ्यावर ताण येतो. नवा चढ करताना पायरी एका किंवा तीन पावलांची करावी, म्हणजे पाय आलटून पालटून येतात.

पण मुळात पूलच हवा का?

रेल्वे रूळ असतील तर हवाच, तिथे पर्याय नाही. रस्त्यावर मात्र आधी हाच प्रश्न विचारावा. मुंबईचा पहिला स्कायवॉक २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला झाला आणि नंतर एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, शहरभर बरेच बांधले, त्यातले काही भरून वाहतात आणि काही ओस आहेत. जिथे स्टेशनच्या पुलाला थेट जोडलेत, म्हणजे खाली उतरून परत चढायचं नाही, तिथे लोक आनंदाने वापरतात. जिथे रस्ता ओलांडायला चाळीस पायऱ्या वर आणि चाळीस खाली करायच्या आहेत तिथे लोक दुभाजकावरून उड्या मारतात. त्यांना बेशिस्त म्हणण्याआधी त्या ऐंशी पायऱ्या सामान घेऊन करून बघाव्यात. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं पण जमिनीवरूनच ओलांडायची सोय आधी बघायला सांगतात. सिग्नल, उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग, मध्ये थांबायला रुंद दुभाजक, हे पुलापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि आधीपासून असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला तिथून पाच वर्षं दिली होती, ती मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशीसारखे ठेवून चालणार नाहीत, किमान गोष्टी बंधनकारक करा. पत्र लिहिताना या निकालाचा उल्लेख जरूर करा, ‘विनंती आहे की’ आणि ‘कायद्याने बंधनकारक आहे’ यात साहेबाच्या टेबलावर फरक पडतो.

आमच्या इथला जिना खराब आहे, तक्रार कोणाकडे करू?

आधी जिना कोणाचा ते शोधा, इथेच बहुतेक तक्रारी अडकतात. रुळांवरचा भाग आणि स्टेशनच्या हद्दीतले जिने रेल्वेचे, त्यासाठी १३९ हा फोन नंबर किंवा रेलमदद हे रेल्वेचं ॲप. हद्दीबाहेर रस्त्यावर उतरणारा भाग पालिकेचा, मुंबईत १९१६ हा फोन नंबर आणि वॉर्ड ऑफिस. दोघंही आमचा नाही म्हणाले तर माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा, या जिन्याच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या खात्याची आहे आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली. लेखी उत्तर हातात आलं की पुढचं सोपं होतं. लिफ्ट, रॅम्प, दांडा यांबद्दल पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे पण अर्ज करता येतो.

तक्रारीत ‘जिना धोकादायक आहे’ एवढंच लिहू नका. मोजा. साधी टेप घ्या, गर्दी नसेल अशा वेळी जा, खालून वर प्रत्येक पायरीची उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजा, पायरीची रुंदी मोजा, आणि एका कागदावर क्रमाने लिहा. सोबत कोणीतरी ठेवा म्हणजे येणाऱ्यांना बाजूने काढता येईल. टेप लावलेल्या पायरीचा फोटो काढा. पाऊस पडून गेल्यावर परत जाऊन पाणी कुठे साचतं त्याचा, आणि रात्री कुठला दिवा बंद आहे त्याचा. ‘पायरी क्रमांक ७ ची उंची १९५ मिमी, तिच्या खालची १५५’ असं लिहिलं की ज्युनियर इंजिनियरला येऊन बघावंच लागतं.

दुरुस्तीसाठी जिना बंद केला तर लोकांनी जायचं कुठून?

हे कामाच्या ऑर्डरमध्येच ठरायला हवं. जिना रुंद असेल तर अर्धा बंद अर्धा चालू, मध्ये पत्रा. अरुंद असेल तर आधी दुसरी वाट चालू करायची, मग हा बंद, आणि बोर्ड फक्त जिन्याच्या तोंडाशी नको तर पुलाच्या दुसऱ्या टोकाला पण हवा, नाहीतर माणूस चाळीस पायऱ्या चढून पूल पार करून येतो आणि मग त्याला कळतं की उतरायला जागाच नाही. काम शक्यतो पावसाळ्याआधी संपवावं, कारण जूनमध्ये अर्धवट राहिलेली पायरी ऑक्टोबरपर्यंत तशीच राहते.